टीव्ही मांडीवर घेऊन कुळगाव ते उल्हासनगर

परवा नातवाने माझ्या डोळ्यांवर एक काळा डबा बांधला, दोन्ही हातांत दोन दांडकी दिली आणि म्हणाला, "आजी, आता तू गेमच्या आत आहेस. हात हलव." मी हलवला तो सरळ शोकेसवर. चांगले कप गेले. वर हाच मला समजावतो, "अगं, ही फ्युचरची सुरुवात आहे!" मी डबा काढला आणि म्हटलं, बाळा, ही सुरुवात मी नव्वदीच्या मध्यावरच पाहिली आहे. तीही उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात, पापड खात.

ब्लॉगवर अधूनमधून कुणीतरी विचारतं, काकू, बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर अशी एका दिवसाची चक्कर कशी करावी? तर ही घ्या. एक सूचना आधीच देऊन ठेवते. टीव्ही सोबत असेल तर जाऊ नका.

तेव्हा आम्ही बदलापूरच्या कुळगावात राहायचो. मी, आमचे हे, आणि ह्यांची थोरली बहीण. सगळे तिला अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणायची. अक्का मूळच्या पालेगावात एकटी राहणारी, घरची भातशेती स्वतः करणारी. त्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ तर आधीपेक्षा जास्त सुधारली, उजवा हात मात्र मागे राहिला. छातीपर्यंत यायचा आणि तिथेच रुसून बसायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा उन्हाळा हात रोज वर न्या, नाहीतर खांदा कायमचा आखडेल. अक्काला पेरणीच्या आत पालेगावला परत जायचं होतं. ह्यांची अट एकच होती. दाराची वरची कडी उजव्या हाताने काढून दाखव, मग जा.

आणि अक्का व्यायाम करीना. भिंतीवर बोटं चढवा म्हटलं तर म्हणायची, "मना काय येड लागलाय? मोकला हात हवेत कशाला फिरवू? कामाला लाव, मग फिरवतें." काम सांगावं तर ते डाव्या हाताने उरकून मोकळी. माझा जीव मेटाकुटीला आला होता.

अशात मे महिन्यात अंबरनाथला ह्यांच्या कारखान्यातल्या गावंड्यांकडे सत्यनारायण निघाला. अक्काला घरात कोंडून किती दिवस ठेवणार, म्हणून तिघं रिक्षाने निघालो. हा रस्ता आता गुळगुळीत आहे म्हणे. तेव्हा अर्धा रस्ता आणि अर्धी खडी होती, आणि कोणती अर्धी कुठे हे रिक्षावाल्यालाच ठाऊक. नाल्यावरून जाताना नाकाला पदर लावा, पाण्याचा रंग बघून मग दिवसभर जेवण जात नाही. वेळ हाताशी असेल तर अंबरनाथचं जुनं शिवमंदिर मात्र चुकवू नका. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलात की मे महिन्यातसुद्धा अंगावर गारवा येतो. आम्हाला वेळ नव्हता. आम्हाला शिरा खायचा होता.

शिरा उत्तम होता. पण त्याहून मोठी गोष्ट गावंड्यांच्या बाहेरच्या खोलीत चालली होती. त्यांच्या भावाने टीव्हीला जोडायचा गेम आणला होता आणि त्यासोबत प्लास्टिकची बंदूक. टीव्हीवर गवत, गवतातून पाखरं उडत, आणि समोर बसून बंदूक रोखायची. नेम लागला की पाखरू खाली. बटणं बडवायची नाहीत, खरोखर हात उचलायचा. मला ते सगळं पोरकट वाटलं, मी प्रसादाच्या वाट्या आवरायला उठले.

तेवढ्यात मागून अक्काची हाक. "हाऽऽ! हाऽऽ! ऊठ मेल्या!"

मी वळून बघते तर अक्का खुर्चीच्या टोकाला आलेली, डोळे टीव्हीत, आणि उजवा हात छातीच्या वर. खांद्याला टेकेल इतका. भातावर उतरलेली पाखरं हाकतात ना, अगदी तसा. उभा जन्म तिने भात पिकायच्या दिवसांत गोफण फिरवली होती. टीव्हीतलं ते गवत तिला भातच दिसत होतं. गावंडेवहिनी हसायला लागल्या, तसा हात खाली आला. पण मी पाहिला होता आणि ह्यांनीही.

"हा गेम घ्यायचा," हे माझ्या कानाशी म्हणाले. आमच्या ह्यांनी आयुष्यात घेतलेला हा सर्वांत वेगवान निर्णय.

अक्काला वहिनींकडे आडवं करून आम्ही दोघं तसेच पुढे उल्हासनगरला. बाजारात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथे दुकान शोधायचं नसतं, दुकानच तुम्हाला शोधतं. बोळात शिरल्यावर चार बाजूंनी "आओ भाभी, क्या चाहिए, देखो तो सही!" सुरू झालं. एका ठिकाणी भिंतभर गेमच्या रंगीत कॅसेट लटकत होत्या, तिथे शिरलो. गोरापान, घामेजलेला सेठ. त्याने भाव सांगायच्या आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला. सिंधी दुकानात पाणी नुसतं देत नाहीत, सोबत पापड येतोच. उन्हातून आलेल्या माणसाला हा मोठा आधार असतो. खाऊन घ्या, पण लक्षात ठेवा, पापड खाल्लेल्या माणसाला घासाघीस करायला लाज वाटते. हे त्यांनाही माहीत असतं.

"बंदूक तो है," सेठ म्हणाला, "पण ताई, बंदूक आता जुनी झाली. हे बघा." त्याने वरून एक राखाडी हातमोजा काढला, मनगटावर बटणंच बटणं. "हात में पहनो, हात हिलाओ, टीवी में पण हात हिलेल. आणि ही चटई. इस पे दौड़ो, अंदर का आदमी भी दौड़ेगा."

"धावायला चटई कशाला?" मी म्हटलं. "आमच्याकडे बदलापूरचा रस्ता आहे."

"अरे साईं, भाभी को समझाओ!" सेठ ह्यांच्याकडे वळला. "पाच साल थांबा. टोपी येणार. डोळ्यावर लावा आणि सीधा अंदर! घर में बैठके जंगल, समुंदर, सब."

हे मान डोलावत होते. माझं डोकं उठलं होतं. "आत जाऊन करायचं काय? आत भांडी घासून मिळतात का?"

सेठ खो खो हसला. हातमोजा चालवून दाखवा म्हटलं तर म्हणे सेल नाहीत, सेल आहेत म्हटलं तर वायर नाही. भविष्यकाळ नेहमी असाच, वायर नसलेला. शेवटी आम्ही बंदूकवालाच गेम घेतला. दुकानातल्या टीव्हीवर ह्यांनी पाखरं पाडून दाखवली, चार लोक जमले, ह्यांची छाती फुगली. बाहेर दाल पकवान खाल्लं, डाळ आणि सोबत कडक पुरी. सकाळचंच असतं ते खरं, दुपारी उरलेलं मिळालं तर पकवान मऊ पडतो. आमचा मऊच होता.

वाटेत अक्काला घेऊन घरी आलो. इथे आमच्या टीव्हीची ओळख करून द्यायला हवी. ब्लॅक अँड व्हाईट, उंच लाकडी स्टँडवर, आणि पुढे निळी काच. काच कसली, जाड निळं प्लास्टिक, वरून दोन आकड्यांनी अडकवलेलं. तेव्हा घरोघरी असायची. डोळ्यांना थंडावा म्हणे, आणि चित्राला जरा रंग आल्याचं समाधान. आमच्याकडे बातम्या निळ्या, नायिका निळी, क्रिकेटचं मैदानसुद्धा निळं. ह्यांनी हौसेने आणलेली ती काच रोज धोतराच्या मऊ फडक्याने पुसली जायची. माझ्या वाट्याला कधी इतकं प्रेम आलं नाही.

गेम जोडला, पाखरं उडाली, अक्काने बंदूक उचलली. चाप ओढला. काही नाही. परत ओढला. पाखरं निवांत उडून गेली. ह्यांनी घेतली, काही नाही. मी टीव्हीला नळी टेकवून चाप ओढला, तरी नाही.

"फसवलं सेठने," हे म्हणाले.

अक्काने बंदूक गादीवर टाकली आणि हात पदरात घेतला. "नको मना तुमचा खेल."

दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन हे एकटे उल्हासनगरला. तिथल्या टीव्हीवर बंदूक ठणठणीत! सेठने हात जोडले, "साईं, खोट आपके टीवी में है. टीवी लेके आओ." घरी येऊन हे मलाच म्हणतात, चल.

तर असे आम्ही टीव्ही घेऊन निघालो. वाटेत ओरखडा नको म्हणून ह्यांनी निळी काच आधी काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि कपाटावर जपून ठेवली. टीव्ही मात्र माझ्या मांडीवर. रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला तो माझ्या पोटात शिरायचा. ह्यालाच टीव्हीच्या आत शिरणं म्हणत असतील तर मी ते त्याच दिवशी केलं, उलट्या बाजूने. हे पुढे बसून मागे वळून वळून विचारत होते, "सांभाळलंयस ना?" मी कशी आहे, हे नाही विचारलं.

अंबरनाथला एका पोलिसाने हात केला. "कुठून आणला?"

"घरून."

"नेताय कुठे?"

"पाखरं मारायला," मी म्हणाले. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जाऊ दिलं.

दुकानात आमचा टीव्ही लावला. पहिल्याच चापाला पाखरू खाली. दुसऱ्याला दुसरं. सेठने ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे, मी पापडाकडे. "टीवी भी ठीक, बंदूक भी ठीक," सेठ म्हणाला, "अब घर लेके जाओ, साईं." पुन्हा टीव्ही मांडीवर, पुन्हा तेच खड्डे. येताना तर अंबरनाथच्या फाटकाशी रिक्षा बंद पडली. त्या उन्हात आम्ही टीव्ही रस्त्याकडेला ठेवून त्याच्यावर माझा पदर धरून बसलो. येणारेजाणारे थांबून विचारत, विकायचा आहे का?

संध्याकाळी कुळगाव. ह्यांनी टीव्ही स्टँडवर चढवला, तारा जोडल्या, चादर सोडली आणि निळी काच पुसून परत आकड्यांत अडकवली. आता पाहा म्हणाले. अक्काने बंदूक उचलली, हात छातीपाशी, चाप ओढला.

काही नाही.

मग घरात जे झालं ते सगळं लिहीत नाही. हे म्हणाले, आपल्या घरच्या लाइटीतच दोष आहे, उद्या वायरमन आणू. मी म्हणाले, वायरमन आणा नाहीतर भगत आणा, मी पुन्हा टीव्ही मांडीवर घेणार नाही. हे म्हणाले, मग सेठला इथे आणतो. मी म्हणाले, आणा, पापडही आणायला सांगा. टीव्हीत पाखरं उडत होती, मधेमधे टुणटुण वाजत होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतो.

"गप बसा!" अक्का ओरडली. उठून टीव्हीसमोर उभी राहिली होती. बंदूक डाव्या हातात घेतली होती. "सकाल-संध्याकाल नुसता कलकलाट. ह्या निल्या पडद्यामागं मना पाखरूच दिसत नाय, तं मारू काय? तुझा डोका?"

आणि तिने हात वर केला, काच आकड्यांतून फर्रकन काढली आणि डाव्या हाताने चाप ओढला.

पाखरू पडलं.

"लागलं!" ह्यांनी उडीच मारली. "अगं, काच! बंदुकीला टीव्हीचा उजेड दिसायला हवा, आणि काच तो अडवत होती! दुकानात आपण काच नेलीच नव्हती!" ते टीव्हीसमोर नाचत होते, एका दमात सगळं विज्ञान सांगत होते. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी अक्काकडे बघत होते. बंदूक डाव्या हातात. मग काच कुठल्या हातात?

स्टँडवरचा टीव्ही अक्काच्या डोक्याइतका उंच होता. आकडे त्याहून वर. निळी काच तिच्या डोक्यावर तशीच धरलेली होती, उजव्या हातात.

"अक्का," मी म्हणाले. एवढंच.

तिने वर पाहिलं. आपलाच हात तिने दुसऱ्याचा असल्यासारखा पाहिला. काच खाली ठेवली, बंदूक माझ्याकडे दिली आणि दाराशी गेली. वरची कडी जुनी, गंजकी, मलाही टाचा उंचावाव्या लागायच्या. आधी बोटं पोचली, मग घसरली, मग परत पोचली. कडी कुरकुरत सरकली. दार उघडून अक्का ओट्यावर जाऊन उभी राहिली. आम्ही आत. टीव्हीतली पाखरं कुणी मारीना, ती आपली उडतच राहिली.

पेरणीच्या आधी अक्का पालेगावला गेली. गेमची बंदूक वर्षभरात बिघडली, सेठही दुकान बदलून कुठे गेला कळलं नाही. पालेगावात आता इमारती उठल्यात, तुम्ही गेलात तर शेत कुठे होतं हे मलाही दाखवता येणार नाही. नातू म्हणतो, आता हातात दांडकीसुद्धा लागणार नाहीत, नुसती बोटं हवेत हलवायची. हलवा बापडे. मला एवढंच कळतं की हवेत हात फिरवायला अक्का कधीच तयार नव्हती, त्या हातासमोर काहीतरी असावं लागायचं. गवतातली पाखरं असोत नाहीतर भावाची निळी काच.

काचेचं मात्र सांगायचं राहिलं. जाताना अक्काने ती मागून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही. भातात दाणा भरला तेव्हा आम्ही पालेगावला गेलो, तर शेताच्या मधोमध उंच बांबूला ती काच टांगलेली, वाऱ्यावर फिरतेय, उन्हात चमकतेय, आणि पाखरं लांब झाडावर बसून चरफडतायत.

हे बांधावर कमरेवर हात ठेवून उभे. "अक्का, माझी काच!"

"मंग काढ नं," अक्का भाताआडून म्हणाली. "हात पोचतंय का बघ."

ह्यांनी हात वर केला. पोचला नाही.