उठा, जागा बदला

दोह्यातल्या बिन महमूद भागात आमच्या इमारतीत भांडण झालं की लोक वॉचमनकडे जात नसत आणि घरमालकाकडे तर नाहीच नाही. जात ते दुसऱ्या मजल्यावरच्या इस्माईलचाचांकडे. चाचा दोन खुर्च्या समोरासमोर मांडत, दोघा भांडखोरांना बसवत, दोघांचं मन भरेपर्यंत ऐकून घेत आणि मग शांतपणे म्हणत, "झाला बोलून? उठा आता. जागा बदला."

म्हणजे याने त्याच्या खुर्चीत बसायचं, त्याने याच्या. आणि आता याने त्याची बाजू मांडायची. तीही वरवर नाही. समोरचा "हां, हेच माझं म्हणणं" असं कबूल करेपर्यंत मांडायची. तोवर चहा नाही. दाभोळ खाडीकाठच्या त्यांच्या गावात चाचांचे वडील जमातीचे प्रमुख होते आणि बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांना ते असंच उठवून बसवत. "बापाने इस्टेट ठेवली नाय," चाचा म्हणत, "ही एक युक्ती ठेवली."

माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. नव्वदीच्या अखेरीस लग्न होऊन मी दोह्याला आले. साताऱ्याची मुलगी आणि उन्हाळा वाया घालवेल? छे! गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. तिथलं ऊन असं खमकं की सकाळी घालाव्या आणि दुपारी डब्यात भराव्या. संध्याकाळी हौसेनं एक तळली, तोंडात टाकली, आणि अगं आई गं! सुक्या मासळीचा वास. गच्चीच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी मीठ लावलेली मासळी दोरीवर वाळत घातली होती आणि वारा नेमका माझ्या पापड्यांकडे वाहत होता. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. मी पदर खोचला आणि दुसऱ्या मजल्यावर गेले.

दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या दाढीच्या, लुंगीतल्या माणसानं. मागून खैरूनचाची आल्या, ठेंगण्या, ठसठशीत, डोळ्यांत काजळ. मी जे सुरू केलं ते थांबायलाच तयार नव्हते. चाचीही काही कमी नव्हत्या. "गच्ची काय तुज्या बापाची हाय?" इथपर्यंत पाळी आली. तेवढ्यात खुर्च्या आल्या. "पोरी, तू इकडं. आता तू मासळी आणि ही पापडी. बोल."

मी बघतच राहिले. पण चाचींनी माझी बाजू इतकी झकास मांडली, सासूबाईंच्या एकादशीपासून ते परमुलखात नवीन संसार मांडलेल्या पोरीच्या हौसेपर्यंत, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग मलाही जोर चढला. मासळीच्या वतीनं मी म्हणाले, "बाई, हा वास नव्हे, हे माझं गाव आहे. गावापासून एवढ्या लांब मी दुसरं काय आणू?" चाची उठल्या आणि त्यांनी मला पोटाशी धरलं. त्या दिवसापासून मासळी सकाळी आणि पापड्या वारा फिरल्यावर असा आमचा तह झाला. मासळी मी कधी खाल्ली नाही, पण चाचींच्या हातच्या तांदळाच्या भाकरीवर आणि नारळाच्या चटणीवर आमचं घर पोसलं गेलं म्हणायला हरकत नाही.

चाचांची कथाही ऐकण्यासारखी. कोवळ्या वयात बोटीवर खलाशी लागले, हिंडत हिंडत हॉलंडला पोहोचले आणि समुद्राचा गाळ उपसणाऱ्या बोटींवर मुकादम झाले. रॉटरडॅमला घर केलं, चाचींना नेलं, मुलगा तिथंच शिकून तिथंच लागला. दोघांनी हॉलंडचा पासपोर्ट घेतला. मग कंपनीनं कतारला काम धरलं आणि चाचा दोह्यात आले. ते कोकणी बोलत, हिंदी बोलत, डच बोलत आणि क्रेनवाल्यांवर ओरडताना हे सगळं एकत्र करून वर अरबी "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, लावत.

एवढ्या शहाण्या माणसाच्या घरात मात्र एक भांडण वर्षानुवर्षं तसंच पडून होतं. नोकरी संपली की जायचं कुठं? कतारमध्ये नोकरी संपली की व्हिसा संपला, मुक्काम संपला. तिथं म्हातारपण काढता येत नाही. चाचांचं म्हणणं, रॉटरडॅमला, मुलाकडे. चाचींचं म्हणणं, गावाला, आपल्या घरी. ते घर चाचांच्या पगारातून उभं राहिलं होतं. लाल कौलं, पुढं पडवी, मागं विहीर. कुलूप लावून. विषय निघाला की चाचा "इन्शाल्ला, बघू" म्हणून उठून जात. न्हाव्याची दाढी वाढलेली, ती अशी.

दोन हजार पाच साल उजाडलं आणि चाचांना कळलं की त्यांचं काम उन्हाळ्यात खलास. त्याच सुमारास हॉलंडहून दोन जाड पाकिटं आली, एक चाचांच्या नावाचं आणि एक चाचींच्या. युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून एक मोठा करार केला होता, एकच राज्यघटना मानायची असा. तो हॉलंडनं स्वीकारावा की नाही, यावर तिथं सार्वमत होतं. बाहेरदेशी राहणाऱ्यांनी पोस्टानं मत पाठवायचं. हो की नाही, एवढंच.

"हो," चाचा म्हणाले.

"नाय," चाची म्हणाल्या.

आणि पेटलं. चाचा म्हणत, "अगो, रॉटरडॅमची माझी पहिली घरमालकीण म्हातारी जुन्या म्हायुद्धात ट्यूलिपचे कांदे उकडून खाऊन जगली होती. फुलांचे कांदे! शेजाऱ्याशेजाऱ्यांनी एकमेकांची घरं जाळली. आता एका देशातून दुसऱ्यात जातो तर कोण पासपोर्ट विचारत नाय. एकत्र घरात भांडी वाजतात, वाजू देत. रात्री दाराला एकच कडी लागते ना?" चाची म्हणत, "मना नका सांगू एकत्र घर. धाकटी सून होते मी. आमटीत मीठ किती, ते पण थोरल्या जावा ठरवायच्या. हॉलंड धाकटी सून हाय. आज गोड बोलतील, उद्या हिला विचारणार कोण? जुना पैसा गेला आणि युरो आला तवा पोराच्या घरी बटाटे महाग झाले, कोणी विचारलंन मना?"

मला दोघांचंही पटायचं. गच्चीवर चाची भेटल्या की मी "नाही"ची, जिन्यात चाचा भेटले की "हो"ची. आमचे हे म्हणाले, "तू कुठल्याही पक्षात जा, तिकीट मिळेल."

पण हळूहळू गंमत संपली. चाचींनी स्वयंपाकातलं मन काढून घेतलं. चाचा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून खुबूस रोटी आणून चहात बुडवून खायला लागले. एका घरात राहून दोघं माझ्यामार्फत बोलायला लागली. "तुज्या चाचाना सांग, गीझर चालू हाय." मी मेलं सगळं पोहोचवत होते. एक दिवस चाची मासळी उलटवता उलटवता म्हणाल्या, "त्यांचा हो म्हणजे काय, मना म्हाईत हाय. हो म्हणजे रॉटरडॅम." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, युरोप कुठला आणि करार कुठला! ती दोघं आपल्याच घराचं सार्वमत घेत होती.

त्या शुक्रवारी चाचा नमाज पढून आले तेव्हा मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडून कंबरेवर हात ठेवून उभी होते. आमचे हे दारात, कुणी पळू नये म्हणून.

"चाचा, बसा. चाची, तुम्हीही."

"आमचं सगळं बोलून झालंय," चाचा खुर्चीत टेकत म्हणाले.

"मग उत्तम. उठा. जागा बदला."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता भाकरी-चटणी कायमची बंद. पण बापाची युक्ती होती. तिला नाही कसं म्हणणार? उठले. चाची त्यांच्या खुर्चीत बसल्या, पाय खाली पोचेनात.

आधी चाची बोलल्या, चाचा होऊन. करारापासूनच सुरुवात केली, म्हातारीचे ट्यूलिपचे कांदे, दाराची कडी, सगळं. मग थांबल्या. "मी खलाशी माणूस," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा चालायला लागला तवा मी दर्यावर. बोलायला लागला तवा दर्यावर. सुट्टीवर आलो तर मना बघून आईच्या मागं लपला. आता त्याची पोरगी हाय. एका पोराचा तरी दुधाचा दात पडताना मना बघायचा हाय."

चाचा खाली बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली. मी म्हटलं, "मान चालणार नाही. नियम तुमचाच आहे."

"हां," ते म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. "हेच माझा म्हणणा."

मग चाचा, चाची होऊन. जावांचं मीठ आलं, बटाटे आले. आणि मग हा दांडगा माणूस बायकोच्या आवाजात हळूच म्हणाला, "मी तुमच्या पाठून दर मुलखात आले. कोणी विचारलंन नाय, येतेस काय. रॉटरडॅमला तुम्ही बोटीवर गेलात की मी भिंतींशी कोकणी बोलायची. गावात माज्या नावाचा घर हाय. दारं मी पसंत केली, विहिरीची जागा मी दाखवली. आणि त्या घरात मी पाहुणीसारखी जाते, पाहुणीसारखी कुलूप लावून येते. मना एकदा माज्या घरची किल्ली हरवायची हाय. लागणारच नाय म्हणून."

"हेच," चाची म्हणाल्या, आणि ओढणी तोंडाला लावून हुंदके द्यायला लागल्या. आमचे हेसुद्धा दारात उभे राहून नाक पुसत होते. मी आत जाऊन चहा टाकला, कारण मलाही कुणी रडताना बघू नये असं वाटत होतं.

चहा झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाठ करून मतपत्रिकांवर खुणा केल्या आणि पाकिटं चिकटवली. "गुप्त मतदान हाय," चाचांनी मला दटावलं, मी वाकून बघत होते म्हणून. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गाडीतून समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावरच्या मोठ्या पोस्टात गेलो आणि पाकिटं टाकून आलो. येताना चाचांनी सगळ्यांना कुल्फी खाऊ घातली.

निकालाच्या दिवशी टीव्हीवर बातमी आली: हॉलंडनं "नाही" म्हटलं होतं, तेही चांगलं ठासून. मी पेढे घेऊन धावले, चाचींचा पक्ष जिंकला म्हणून. तर चाची सोफ्यावर तोंड पाडून बसलेल्या आणि चाचा, ज्यांचा पक्ष हरला ते, मिशीत हसत होते.

"चाची, अहो जिंकलात की!"

"कसली जिंकले?" चाची खेकसल्या. "मी 'हो' टाकला हाय! म्हटला, म्हातारा इतका रडवेला झाला, जाऊ दे त्याच्या मनासारखा."

चाचांचं हसू थांबलं. "तू हो टाकलास?"

"मग? तुम्ही?"

"मी 'नाय' टाकला. तुज्यासाठी."

आणि मग चाची जे हसायला लागल्या! चाचा हसले, मी हसले, पेढ्यांचा बॉक्स उपडा झाला. "म्हणजे दोन मतं पोस्टाचं भाडं भरून गेली आणि तिकडं एकमेकांना खाऊन बसली," आमचे हे म्हणाले. पण हसू ओसरलं तसं नवीन भांडण सुरू झालं. चाची म्हणायला लागल्या, रॉटरडॅमलाच जायचं, नातीकडे. चाचा म्हणायला लागले, गावालाच. मी सवयीनं खुर्ची ओढली तर चाचा कळवळून ओरडले, "नको गो बाई! आता जागा बदलली तर परत पहिल्यावर येऊ!"

शेवटी त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "सार्वमत झाला ना? अख्ख्या देशाने सांगितलान नाय म्हणून. देशाच्या पुढं मी जाणार? गावाला जायचा. खलास."

"अवो, ता युरोपचा होता!" चाची म्हणाल्या.

"आपल्या घराला पण लागू हाय," चाचा म्हणाले. उभ्या आयुष्यात निवडणूक हरून इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही.

त्या उन्हाळ्यात ते गेले. विमानतळावर चाचींनी मला सुक्या मासळीची पिशवी दिली. खाऊ नकोस, नुसती गच्चीवर टांग म्हणाल्या. इमारत सुनी झाली. वरच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं पार्किंगवरून अशी जुंपली की मला माझ्या स्वयंपाकघरातून खुर्च्या न्याव्या लागल्या. जमलं हो मला. अजून जमतं. पण "उठा" म्हणताना चाचांचा आवाज यावा लागतो, तो काही माझ्या गळ्यात नाही.

पुढच्या नाताळच्या सुट्टीत गावाहून फोन आला. मुलगा, सून आणि नात हॉलंडहून आले होते. चाचा फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत होते की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"पोरी, दात पडला! पुढचा! माज्या हातात पडला, पेरू खाताना!"

"मग काय केलंत?"

"काय करणार? चाचीने तिला अंगणात उभी केलीन आणि दोघींनी मिळून दात घराच्या कौलावर टाकला. आपल्या घराच्या." मग रिसीव्हरवर हात ठेवून ते मागं ओरडले, "खैरून, बाहेर नको जाऊस, ये, तुज्या साताऱ्यावालीशी बोल!" लांबून चाचींचा आवाज आला, "थांबा जरा, किल्ली सापडत नाय!"