चंचीतली गोळी

त्या दिवशी अकोल्याच्या तपासणीच्या खोलीबाहीर आमी सहा जण होतो. मी, माझा मोठा पोरगा, त्याची बायको, अकोल्याले देलेली माझी लेक, जावई, अन् फॉर्म भरणारी सिस्टर. माझ्या पोटात रोज कोणत्या गोळ्या जातात हे सहातल्या एकीलेच माईत होतं. ती म्हणजे मी. अन् मलेच कोणी इचारलं नाई.

आमचं गाव अमरावतीपासून जवळच. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-पालक, याच्यावरच घर चालते. फुलं तोडाची म्हणजे दिवसभर वाकाचं. चार वर्षांआंधी अशीच वाफ्यात वाकली, टोपलं भरत आलं होतं, अन् छाती धडधडाले लागली. जसं कोणी आतून दार ठोकते. डोकं फुटाले आलं. लुगडं पिळून काढावं इतका घाम. पंधरा-वीस मिनिटं चाललं अन् आपोआप गेलं. आठ दिवसानं पुन्हा. वाकलं का होये, जड उचललं का होये.

त्या वर्षी नवरात्रात गावातल्या देवीपुढं डोकं टेकवलं, अन् तिथीच सुरू झालं. हातपाय थरथर, चेहरा पांढरा फटक. बायायनं पाह्यलं अन् ओरडल्या, "आली व, आली!" कपाळाले मळवट भरला. एकीनं नारळ हातात देला अन् इचारे, "आई, माझ्या पोरीचं जुळन काय व दिवाळीआंधी?"

माझा जीव राहते का जाते याची पंचाईत, अन् हिले सोयरिकीची पडली! मी पाणी मागतलं तं दुसरी म्हणे, "आई पाणी मागून राहिली, कळशी आणा." आणली, अन् माझ्या पायावर ओतली. प्याले घोटभर कोणी देलं नाई.

तेव्हापासून मले झटका आला का घरचे हात जोडत. दवाखान्याचं नाव काढलं तं सून म्हणे, "आत्याबाई, देवीले दवाखान्यात नेत असतात काय?" बारावी शिकेल आहे. मी चवथी. मले तवाही समजत होतं का देवी आली असती तं असं मरणाचं भेव वाटलं नसतं.

गावच्या डॉक्टरकडे मी एकटीच गेली. तो म्हणे, "आजी, मनातलं भेव आहे हे. रोज झोपताना एक घेत जा." कागदाच्या पुडीत सुट्या बारक्या गोळ्या, नाव ना गाव. झोप येये म्हणून घेत राहिली. पुडी संपली का दुसरी आणे. चंचीत ठेवे, सुपारी-तंबाखूच्या बाजूले. पोराले सांगतलं नाई. त्यानं एकदा कोणाच्या तरी बाबतीत म्हटलं होतं का झोपेच्या गोळ्या येड्याले देतात.

मागच्या उन्हाळ्यात मी वाफ्यातच पडली. अमरावतीले नेलं. बीपी इतकं चढलं होतं का मोजणारी पोरगी दोनदा मशीन बदलून आली. पोटाचं स्कॅन झालं. डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलं, का किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी लहान ग्रंथी असते, सगळ्यायलेच असते. माझ्या उजव्या टोपीत लिंबाएवढी गाठ होती.

तो म्हणे, गाठ दोन परकारची असू शकते. एक नुसती बसून राहणारी, तिले काही करा लागत नाई. दुसरी रक्तात असा रस सोडणारी का बीपी एकदम चढते, अन् एखाद दिवस तिच्यातच माणूस जाते. ती काढाच लागते. लघवीच्या तपासणीत धड हो नाई अन् धड नाई नाई. म्हणून अकोल्याले हे दुसरं स्कॅन. आंगात किरणाचं औषध सोडतात. गाठ दुसऱ्या परकारची असन तं ते तिच्यात जाऊन बसते अन् फोटोत डाग दिसते. म्हणजे माझं मरण-जगणं त्या डागावर होतं.

औषध मुंबईहून आलं का त्याच दिवशी जा लागे. गळ्यातल्या ग्रंथीले ते लागू नये म्हणून आंधीपासून आयोडीनचे थेंब पाण्यात टाकून प्याचे, लोखंड चाटल्यासारखी चव. मी सगळं केलं.

मंग तो फॉर्म. सिस्टर इचारे, "पेशंटले कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?" पाहे पोराकडे. पोरगा म्हणे, "बीपीच्या. बाकी काही नाई." सून म्हणे, "काहीच नाई." जावयानंही मान हलवली. त्याले तं माझं वयही माईत नाई! लेक मोबाईलमधी पाहून राहिली होती.

मी म्हटलं, "बाबू, ती एक बारकी गोळी..."

"माय, तू चूप बस व. मांगं लोकं खोळंबले."

मी चूप बसली. त्या चूप बसण्याचा राग मले अजून येते, पोरावरच्या रागाइतकाच.

हळूहळू सुई देली. दुसऱ्या दिवशी अन् तिसऱ्या दिवशी मशीनखाली झोपवलं. हलाचं नाई म्हणे. हलली नाई. रिपोर्ट आला तं डागच नाई. पोरगा खुश. "पाह्यलं माय? काहीच नाई निघालं." सुनेनं तिथीच हात जोडले, "मी म्हणतच होती." अमरावतीच्या डॉक्टरनं फोनवर सांगतलं का मंग सहा महिन्यानं पाहू.

मी आठ दिवस लेकीकडे राहिली. पाचव्या दिवशी तिच्या सैंपाकघरात पिठाचा डबा उचलाले वाकली अन् पुन्हा तेच. यावेळी लेकीनं हात जोडले नाईत. रिक्षात घातलं अन् एका डॉक्टरीण बाईकडे नेलं. लेक सांगाले लागली तं बाई म्हणे, "तुम्ही जरा बाहेर बसा. आजी, तुम्ही सांगा."

चार वर्षात पहिल्यांदा कोणी असं म्हटलं. मले रडू आलं नाई, राग आला, का इतकं सोपं होतं!

सगळं ऐकून बाई म्हणे, "त्या पिशवीत काय आहे?"

"सुपारी आहे, तंबाखू आहे. तुमी वरडसान."

"ओरडते. पण आधी उघडा."

पुडी निघाली. बाईनं गोळी हातावर घेऊन पाह्यली, गावच्या डॉक्टरले फोन लावून तिचं नाव इचारलं, अन् फोन ठेवून मले म्हणे, "आजी, ते किरणांचं औषध गाठीत ज्या दारानं शिरतं, ते दारच ही गोळी बंद करते. म्हणून फोटो कोरा आला. फॉर्मवर का नाही लिहिली?"

"फॉर्म कोणी भरला बाई? मी तं नुसती खुर्चीत होती."

बाईनं गोळी हळूहळू बंद केली. वीस-बावीस दिवस झोपेविना काढले. पुन्हा थेंब, पुन्हा सुई, पुन्हा मशीन. यावेळी मी फॉर्म हातात घेतला अन् माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरानं स्वतः भरला. सिस्टर घड्याळ पाहत राहिली. पाहू देलं.

फोटोत डाग आला. उजव्या बाजूले, काळा, झेंडूच्या बोंडाएवढा. आंधी बीपी बांधाच्या गोळ्या देल्या, मंग गाठ काढली. पोरगा दवाखान्यात पायाशी बसून म्हणे, "माय, मले काय माईत?" मी म्हटलं, "माईत नव्हतं तं 'काही नाई' कसं सांगतलं रे?" मी माफ केलं नाई अजून. जेवू घालते त्याले, पण माफ केलं नाई.

यंदा नवरात्रात देवीपुढं पुन्हा डोकं टेकवलं. बाया नारळ घेऊन उभ्याच. मी उठली, पदर झटकला. एक जण म्हणे, "यंदा आई आली नाई व." मी म्हटलं, "गेली. चिरून काढली तिले."

हे जो कोणी वाचन त्याले माझं इतकंच मागणं आहे. घरच्या बुढीले दवाखान्यात न्याल तं तिच्या गोळ्यायचं तिलेच इचारा. ती मधी बोलली तं चूप बस म्हणू नका. अन् घरून निंघाच्या आंधी तिच्या देखत तिची चंची उघडून पाहा.