तिरका ठिपका

रायफलची पेटी उघडली, तर साइटचा लाल ठिपका आधीच लागलेला!

आमच्या होटगी रोडच्या रायफल क्लबात किस्से रोजच साठतात आणि त्यातले निम्मे माझ्या घाबरटपणाचे असतात. हा मात्र त्यात धरू नका. आदल्या संध्याकाळी नेम धरायची ती साइट मी स्वतः बंद केली होती, माझ्या मैत्रिणीसमोर, अंबिकासमोर.

"बॅटरी वाचवायला कॉलेजात शिकवत न्हाईत व्हय?" आमचे कोच माने सर म्हणाले.

*

साइट नवी होती. वरची दुर्बीण लांबच्या टार्गेटला, ही रेड डॉट बाजूला तिरकी बसवलेली, जवळच्या टार्गेटला. रायफल डावीकडं कलती केली की ठिपका डोळ्यासमोर येतो. रविवारच्या निवडीआधी ती झिरो करायची होती. म्हणजे ठिपका जिथं, गोळी तिथं. नाहीतर माझं नाव टीममधून कट!

पहिल्यांदा अंबिकानं घेतली. रायफल सरळच, मान वाकडी! गोळ्या भलतीकडंच.

"अगं, मान न्हाय, रायफल कलती कर! फोटो काढायला बसलीस का?"

"रायफल क्लबची हाय सर, मान माझी. माझीच वाकवते की!"

*

मी नीट कलती केली. तर ठिपक्याच्या काचेत, टार्गेटच्या उजवीकडं, कुणाचा तरी खांदा.

दचकून रायफल सरळ केली, दुर्बिणीतून बघितलं. टार्गेट, मागं मातीचा बांध, बास.

"अंबिके, तिथं कोण उभंय गं?"

"तुजा होणारा नवरा!"

सर हसले. मीही हसले, जरा उशिरानं.

*

दुसऱ्या दिवशी स्क्रू फिरवून फिरवून झिरो लागला. तीन गोळ्या, एकच भोक! जेवून आलो, तर गोळ्या वीतभर डावीकडं. सरांनी साइट धरणारा माउंट आवळला, पुन्हा झिरो केलं. चहा पिऊन आलो, पुन्हा डावीकडं. त्याच जागी!

"तुजा हात कापतोय," म्हणत सरांनी स्वतः मारल्या. तिन्ही डावीकडं.

सरांनी टार्गेट जवळ आणून तिन्ही भोकांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "उजवीकडनं कुणी हातानं सारल्यागत वाटतंय."

त्या दिवशी माझ्या घाबरण्यावर कुणी विनोद केला नाही.

*

सरांचा एक नियम आहे. गोळी भरण्याआधी "लाइन क्लिअर?" म्हणजे समोर कुणी नाही ना, अशी हाक द्यायची, आणि उत्तर आल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही. रेंजवर एकटं असलं तरी!

एकदा सर एकटेच होते. हाक दिली आणि थांबले, ते थांबलेच. शेवटी फाटकावरून चहावाला ओरडला, "क्लिअर हाय की वो सर! मारा आता, चहा गार व्हायलाय!"

तेव्हाच सरांनी गोळी भरली.

*

शनिवार दुपार, माझी शेवटची संधी. सर आणि अंबिका माझ्या मागं, ऑफिसच्या दारात, स्क्रू आवळायच्या हरवलेल्या अॅलन-कीवरून भांडत होते. रेंजवर चौथं कुणी नव्हतं.

रायफल कलती केली. खांदा होताच. आता मानही दिसत होती, एका बाजूला वाकलेली.

"लाइन क्लिअर?"

मागं भांडण चालूच.

"सर! लाइन क्लिअर?"

भांडण थांबलं. मी वळून बघितलं. सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. ते बघत होते टार्गेटकडं.

आणि तिकडून, बांधाजवळून, अगदी समजुतीच्या सुरात आवाज आला,

"न्हाय, बाई. थांब जरा."