सुईनंतरचं ताट

“बैलं जेवली न्हाईत अजून, आन् हिला घास पायजे,” असं म्हणत सासूनं हौसापुढचं ताट उचललं आणि फळीवर ठेवलं. हौसा माझी लेक. आठ वर्षांची. दिवस बेंदराचा. सणाला आधी बैलांचा निवद, मग पुरुषांची पंगत, मग बायका, आणि सगळ्यांत शेवटी पोरी. आमच्या घरची रीतच तशी. पुरण शिजून तयार होतं. बैल घेऊन सासरा अजून नदीवर.

हौसानं फळीकडं हात नेला. त्या हातावर चापट बसली. सासूनं नाही मारली. मी मारली.

हौसाला मधुमेह होता. सांगलीच्या डॉक्टरांनी मला सुई टोचायला शिकवलं. नवरा पलटणीत, लढाईवर. जाण्याआधी औषधाची सोय त्यानं लावून दिली होती. डॉक्टर म्हणाले होते, “बाई, सुई दिली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. घाम फुटला, हात कापले, तर लगेच गूळ द्या. नाहीतर हेच औषध पोरीचा जीव घेईल.”

मी चौथी शिकलेली. एवढं मला समजत होतं. मी मापूनच वाढायची. ज्वारीची अर्धी भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, ताक. भात चवीपुरता. गूळ बंद, ऊस बंद. घराभोवती चहूकडं ऊस, आणि माझी पोर दुसऱ्यांना कांडं चघळताना बघायची. शेजारीण म्हणायची, “सोनं तोलतीस का गं?” सासू म्हणायची, “पोरीच्या जातीला माप कशाला? उरंल ते गिळावं.” मी कधी उलट बोलले नाही. पुरुष शेतावर गेले की हौसाला गुपचूप आधी वाढायचं. त्यालाच मी शहाणपण समजत होते.

सणाला घर भरलेलं. गुपचूप काही जमेना. बैल येतीलच आता, असं धरून मी सुई टोचली. बैल आले नाहीत. हौसापुढचं ताट फळीवर गेलं ते यानंतर.

हौसाला घाम फुटला. “आई, कसंतरीच हुतंय,” ती म्हणाली.

“जरा थांब. मामंजी येऊंदेत.”

हे मी म्हणाले. डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाठ असून म्हणाले. पोरीच्या घामापेक्षा सासऱ्याच्या कपाळावरची आठी मला मोठी वाटली. या एका वाक्यापुढं माझी कुठलीही सबब टिकत नाही. मी खूप शोधल्या.

हौसा भिंतीशी कलंडली. डोळे फिरले. मी सासूपुढं हात पसरला. “आत्याबाई, गूळ द्या.”

“साखरंचं दुखणं म्हनतीस आन् गूळ मागतीस? येडी समजतीस व्हय मला?” गुळाच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला होती. ती जागची हलली नाही.

दारात हलगी वाजली. बैल आले. निवदाचं ताट उंबऱ्याशी मांडलेलं, त्यात गुळवणीची वाटी. मी वाटी उचलली. हौसाला कुशीवर घेतलं, बोट बुडवून तिच्या गालाच्या आत फिरवत राहिले. थोडं थोडं.

सासरा दारात उभा. “बैलाचा निवद उष्टा केलास?”

“व्हय. केला.” डोक्यावरचा पदर घसरला होता. मी तो सावरला नाही.

बऱ्याच वेळानं हौसानं डोळे उघडले. मी तिच्या तोंडाजवळ वाटी नेली, तशी तिनं आपला हात झटकन मागं घेतला. सासूला भिऊन नाही. मला भिऊन. तो हात मागं जाताना मी बघितला. ते मला कुणी माफ करू नये.

“म्हायेरी धाडीन तुला,” सासरा म्हणाला.

“धाडा. पर हितं हाय तवर सुई टोचली की हौसा जेवणार. तुमच्या आदी. सणाला बी. आन् लपवून न्हाई, तुमच्या म्होरं.”

“आन् मी न्हाई म्हनलं तर?”

“तर म्या चूल पेटवणार न्हाई. बैलांची बी न्हाई आन् तुमची बी न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई दिली. सोप्यात सगळ्यांच्या मधोमध पाट मांडला. सासरा समोर बसला होता, उपाशी. मी त्याच्याकडं बघत भाकरी मोडली आणि अर्धी हौसाला वाढली.