शहाण्णव हजार ठिपके

सूं… जुनी कॅसेट लावली की आधी हा बारीक, कोरडा, अखंड नाद येतो, माणूस मागाहून. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या गोठलेल्या दुपारी, खिडकीबाहेर बर्फ निमूट उतरत असताना, मी तोच नाद आठवत बसले होते आणि विद्यापीठात ध्वनिमुद्रण शिकणारी माझी नात इरा माझी एक जुनी कॅसेट संगणकात उतरवायच्या तयारीत मला विचारत होती, "आजी, फोर्टी-एट की नाइन्टी-सिक्स? टेप खूप ब्रिटल आहे, तुटेल. वी गेट वन प्ले, एकदाच."

म्हणे संगणक आवाज सलग धरतच नाही. सेकंदाला हजारो ठिपके टिपतो आणि त्यांतून नाद पुन्हा उभा करतो. मग दोन ठिपक्यांच्या मधला आवाज जातो कुठे? "कुठेच नाही. ठिपके पुरेसे असले की सगळं परत येतं," इरा म्हणाली. मला रांगोळी आठवली! पण पुरेसे म्हणजे किती? अठ्ठेचाळीस हजार कुठल्याही कानाला पुष्कळ. आणि माझ्या कानांना तर मायक्रोवेव्हची हाकसुद्धा पोचत नाही. शहाण्णव कशाला, तर पुढे कुणाला तो आवाज स्वच्छ करायचा झाला, तर हाताशी मोकळीक असावी म्हणून.

मोकळीक! हा शब्द त्या काळच्या मला कुणी शिकवला असता तर! तेव्हा फोन महाग, म्हणून आई साताऱ्याहून कॅसेटवर बोलून पाठवायची. मी ती दोनदा ऐकायची आणि त्याच कॅसेटवर, तिच्याच आवाजावर, माझं उत्तर भरून परत धाडायची. केवढी ही काटकसर, केवढी अक्कल! आईला पुसून मी काय कोरलं, तर माझे नवे बूट, घरभर पसरलेला गालिचा आणि बर्फात गाडी चालवण्याचे माझे पराक्रम. या शेवटच्या कॅसेटचं उत्तर मात्र अर्धंच राहिलं, आणि ते पुरं होण्याआधीच आई गेली. म्हणजे त्या अर्ध्या उत्तरापलीकडे, टेपच्या शेपटाशी, ती अजून असेल का?

"शहाण्णव," मी म्हटलं. दोघींनी हेडफोन चढवले.

सूं… आणि मग मी! "इथे ना आई, सगळं अगदी ऑटोमॅटिक असतं हं!"

"ओ माय गॉड, आजी, यू वेअर सो अनॉयिंग!"

"होतेच गं. अजून ऐक, अजून वाईट आहे."

गालिच्याच्या वर्णनात मध्येच एक तान्हं बाळ कळवळून रडू लागलं: इराचा बाबा. त्यालाच घ्यायला मी तेव्हा उठले होते. खट्! आणि अर्ध्या वाक्यातून आई उगवली, "…म्हणून सांगते, थंडीत कान झाकत जा. बरं, झालं माझं. अगं, हे बंद कसं करायचं?"

तिला ते जमलंच नाही. दूर जाणारी पावलं, पातेल्यावर झाकण, नळाची धार. मग नुसतंच सूं…

इराचा हात बटणाकडे गेला. मी तिचं मनगट धरलं. सेकंदाला शहाण्णव हजार ठिपके त्या रिकाम्या नादावर पडत राहिले. आईला बंद करता न आलेलं ते ध्वनिमुद्रण मलाही बंद करवेना.