पगडीचे दुसरे टोक

आमच्या मजल्यावर समोरच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांना अख्खी इमारत सरदारजी म्हणते. हाताखाली फौज वगैरे काही नाही. पान्ह्यांची एक पिशवी आणि शहरभर अडकून पडलेल्या लिफ्ट, एवढाच काय तो सरंजाम. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत ते तरुणपणापासून मेकॅनिक आहेत. "माणसांना वर न्यायचं काम करतो," असे ते कोणी विचारले की सांगतात आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बदलला की घाईने पुस्ती जोडतात, "खाली आणायचंही मीच."

त्यांच्या केसांना आणि दाढीला जन्मापासून कात्री लागलेली नाही. माझ्या डोक्याची अवस्था पाहता हा विषय मी काढायला नको होता, पण एकदा काढला. रोजचा एवढा खटाटोप कशासाठी?

"लपता येऊ नये म्हणून, साहेब," ते म्हणाले. "रस्त्यात कोणावर प्रसंग आला तर त्याला गर्दीतून लांबून दिसलं पाहिजे, की ह्याला हाक मारली तर हा थांबणार. एकदा ही पगडी डोक्यावर घेतली की थांबावंच लागतं. मागे वळून 'मला म्हणालात का?' असं विचारायची सोय नाही."

या तत्त्वाचा त्यांना बराच त्रास होतो. न निघणारी झाकणं, न सुरू होणाऱ्या स्कूटर आणि झाडावर चढून खाली यायचा विचार बदललेली मांजरं त्यांना बरोबर गाठतात. एका अनोळखी बाईंनी तर केवळ पगडी बघून त्यांना थांबवले आणि आपला सोफा चौथ्या मजल्यावर चढवून घेतला. त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. "आधी लिफ्ट दुरुस्त केली असती तर सोपं गेलं असतं," सरदारजी सांगतात, "पण त्यांनी सोफ्याचंच विचारलं."

आता पगडी म्हणजे काही टोपी नव्हे, की खुंटीवरून काढली आणि घातली. ते पाच-सहा मीटर तलम कापड असते. रोज सकाळी ते जरासे ओले करायचे, दोन माणसांनी दोन टोकांना उभे राहून ताणायचे, कोपरे ओढून सरळ करायचे आणि मग घडीवर घडी घालत त्याची लांब पट्टी करायची. त्यानंतर कुठे बांधायला सुरुवात. त्यांच्या घरात एवढी लांब खोली नाही, त्यामुळे हा कार्यक्रम आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये, लिफ्टसमोर होतो. एका टोकाला केसांवर छोटा पटका बांधलेले सरदारजी, दुसऱ्या टोकाला सरदारीणबाई. लग्न झाल्यापासून दुसरे टोक बाईंचे. संसारातल्या साऱ्या बातम्या त्या कापडावरून इकडून तिकडे जायच्या.

"दूध नासलं." ओढ.

"मोठीचा फोन होता. धाकट्याला दात आला." ओढ.

"तुमचा चष्मा मी ठेवलेला नाही." जरा जोरात ओढ.

कशात काही नसताना हे सगळे बिघडले, ते एका शब्दावरून. कंपनीत नवा साहेब आला. वयाने सरदारजींच्या थोरल्या मुलीएवढा. पहिल्याच दिवशी तो चारचौघांत अतिशय मायेने म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा. जिने नका चढू." लिफ्टच्या माणसाला 'जिने नका चढू' हे सांगायला नको होते, पण लागला तो पहिला शब्द. त्यातच नव्या ओळखपत्रांसाठी सगळ्यांचे फोटो काढायचे ठरले. दोन दिवसांनी सरदारजी न्हाणीघरात गेले ते पांढऱ्या दाढीने, आणि बाहेर आले तेव्हा दाढीवर बुटाच्या पॉलिशची झाक होती.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि विचारले, "कोण हवंय?"

"अगं, मी!"

"हे घरी नाहीत. बसा, पाणी देते."

सरदारजींना वाटले, गंमत पाच मिनिटांत संपेल. पाच मिनिटांनी बाईंनी पाणी दिले, तेही पाहुण्यांच्या पेल्यात. जेवताना "भाऊसाहेब, संकोच करू नका," असा आग्रह झाला. रात्री बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची गादी घातली गेली, त्यावर पाहुण्यांची चादर. ती चादर सरदारजींनी आजवर फक्त कपाटात पाहिली होती. "मऊ आहे हो," त्यांनी मला पुढे खासगीत सांगितले. "पण झोप नाही आली."

त्यांनी आपली बाजू मांडून पाहिली. भिंती पातळ असल्यामुळे ती आमच्यापुढेही मांडली गेली.

"मी कापली का? रंगवली. कात्री लागलेली नाही, वस्तरा लागलेला नाही. नियम कुठे मोडला?"

"पगडी बांधायची ती माणूस लांबून ओळखू यावा म्हणून," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि दाढी रंगवायची ती जवळूनसुद्धा ओळखू येऊ नये म्हणून. एकाच डोक्यावर दोन मतं कशी चालतील? भाऊसाहेब, तुम्हीच सांगा. तुम्ही तर घरचे नाही, तटस्थ आहात."

सकाळी सरदारजी ओले कापड घेऊन पॅसेजमध्ये उभे राहिले. "धर."

"परक्या पुरुषाच्या पगडीला हात लावणं बरं दिसत नाही. शेजारीपाजारी काय म्हणतील?"

शेजारीपाजारी म्हणजे आम्ही. आम्ही दार लोटून घेतले. पूर्ण नाही.

एकटा माणूस काय करतो? टोक दाराच्या कडीला बांधतो. सरदारजींनी आपल्याच दाराच्या कडीला ते बांधले, मागे सरकत सरकत छान ताण दिला आणि नेमक्या त्याच वेळी बाईंनी आतून "कोण आहे बाहेर?" म्हणत दार बाहेर ढकलले. सरदारजी उलटे चालत आमच्या चपलांच्या फळीवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुसरे टोक माझ्याकडे आले. शेजारधर्म म्हणून मी हो म्हणालो. ते काम दिसते तसे नाही. मी धरले की कापडाच्या मध्यभागी पोट सुटायचे.

"ओढा, साहेब," सरदारजी म्हणाले. "पगडी आहे. आजारी माणसाची नाडी नाही."

मी ओढले. कमरेत काहीतरी कट्‌कन वाजले आणि मी काटकोनात थिजलो. सरदारजींनी मला पगडीसकट उचलून आत नेऊन ठेवले. "दोन माणसांत एक पगडी, आणि तीही धरवली नाही," असे म्हणून आमच्या हिने माझ्या पाठीला शेक दिला. स्वतः टोक धरायला ती मात्र तयार नव्हती. सरदारीणबाईंचा संप ती फोडणार नाही, असे तिने मला स्वच्छ सांगितले.

त्या दिवशी सरदारजी जी पगडी बांधून कामावर गेले, ती पाहून एका मुलाने आईला विचारले म्हणे, की काकांना लागलं का.

तिसरा दिवस फोटोचा. तसला फोटो निघाला असता तर तो पुढची कित्येक वर्षे खिशावर लटकला असता. त्यामुळे सरदारजी सकाळपासून घायकुतीला आले होते. बाई भाजी आणायला निघून गेल्या होत्या. मी पाठीला पट्टा बांधून दारात खुर्ची टाकून बसलो होतो, म्हणजे पूर्णपणे निरुपयोगी. सरदारजींनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि मग लिफ्टकडे पाहिले.

लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी होती. दाराशेजारी त्यांनी स्वतः लावलेला एक कागद आहे: 'दारात पदर, ओढणी, दोरी इत्यादी काहीही अडकवू नये. पातळ वस्तू दाराला समजत नाही.' त्या कागदाखाली उभे राहून सरदारजींनी आकाशी पगडीचे टोक आत सोडले आणि दार मिटू दिले. दाराने कापड पकडले. सरदारजी मागे सरकले. ताण असा बसला की कापड वाजवले असते तर सूर निघाला असता.

"बघा साहेब," ते म्हणाले. "ना बोलणं, ना टोमणे. लोखंडच बरं."

लिफ्ट जागच्या जागी थांबवून ठेवायची एक किल्ली असते. ती त्यांच्या खिशातच होती. ती फिरवायची राहिली होती, हे त्यांच्या आणि माझ्या एकाच वेळी लक्षात आले, कारण खालून कोणीतरी लिफ्ट बोलावली.

सरदारजी आधी दोन पावले पुढे गेले, मग चार, मग नाक दाराला टेकल्यावर त्यांनी हात सोडला. फटीतून कापड सुळसुळत नाहीसे झाले. लिफ्ट तळाला गेली, थांबली, पुन्हा वर निघाली आणि आमच्या पायाखाली कुठेतरी 'खट्' करून गप्प झाली.

"खालच्या आणि आपल्या मजल्याच्या मध्ये," सरदारजी कान लावून म्हणाले. "कापड खालच्या दाराच्या कुलपात गेलं." मग आवाज बदलून, धंद्याच्या सुरात ओरडले, "आत कोण आहे? घाबरू नका! मेकॅनिक इथंच आहे!"

"मी घाबरलेली नाही," आतून आवाज आला. "माझ्या पायाशी आमच्या ह्यांची पगडी पडलीय. ह्यांचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, भाऊसाहेब?"

सरदारजींनी डोळे मिटले. मग त्यांनी आपल्या किल्लीने आमच्या मजल्याचे दार उघडले. लिफ्ट अर्धवट खाली राहिली होती, त्यामुळे आमच्या फरशीच्या पातळीला बाईंचा चेहरा दिसत होता, आणि त्यांच्याशी बोलायला सरदारजींना पालथे पडावे लागले. या कामात पालथे पडावेच लागते, त्यात दुसरा काही अर्थ नाही, असे त्यांनी नंतर मला सांगितले. मी विचारले नव्हते.

"अगं, ऐक. तुझ्याकडचं टोक धर. उरलेलं दोन दारांच्या मधे लोंबतंय, ते मी आकड्याने वर घेतो. दोघांनी दोन्हीकडून ओढलं की कुलपातून सुटेल. मग वरून हाताने चाक फिरवून तुला पाच मिनिटांत बाहेर काढतो."

"हे आले की धरीन."

"हे आलेत! हा काय मी! इतकी वर्षं मीच आहे!"

"ते शक्य नाही," बाई म्हणाल्या. "दारात कापड अडकवू नका असा कागद आमच्या ह्यांनीच लावलाय. ते असं करणारच नाहीत. म्हणजे तुम्ही ते नव्हेच."

आमची ही स्वयंपाकघरातून येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली होती, ती म्हणाली, "बरोबर आहे."

सरदारजींनी फरशीवर हनुवटी टेकली.

"त्या पोराने मला आजोबा म्हटलं," ते शेवटी म्हणाले.

"मग? आहातच तुम्ही आजोबा. नातवाला दात आलाय."

"सगळ्यांसमोर म्हटलं गं."

आत पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"चुकलं," सरदारजी म्हणाले. "पुन्हा नाही लावणार रंग."

"आणि हा लावलेला?"

"हा..." म्हणून ते थांबले. हात दाढीकडे गेला.

माझ्यासारख्याने हा उद्योग केला असता, तर न्हाव्याकडे जाऊन तासाभरात पुरावा नाहीसा केला असता. आपल्या बहुतेक मूर्खपणांची आपण अशीच वासलात लावतो. सरदारजींना ती सोय नव्हती आणि हे त्यांच्या इतक्या उशिरा ध्यानात आले होते.

"हा कापता थोडाच येणार?" ते हळूच म्हणाले. "मुळातून पांढरी येईल. जसजशी येईल, तसतशी ही काळी खाली खाली सरकेल. काही वर्षं जातील."

आतून एक बारीक घरघर सुरू झाली. मला वाटले, लिफ्ट आपोआप चालू झाली. पण बाई हसत होत्या. आधी दाबून, मग भिंतीला धरून, मग पिशवीतले कांदे लिफ्टभर घरंगळेपर्यंत.

"म्हणजे वरून पांढरे तुम्ही," त्यांना धड बोलता येईना, "आणि खाली शेंड्याला भाऊसाहेब!"

"हस. हस तू."

"आणि मी दोघांना जेवायला वाढायचं!"

सरदारजींची दाढी फरशीवर हलू लागली, तेव्हा मला कळले की तेही हसताहेत. मग फटीतून बाईंचा स्वच्छ आवाज आला. "अहो, धरलंय मी. ओढा आता."

ओढ. कापड सुटले. सरदारजी जिन्याने धावत वर मशीनच्या खोलीत गेले, आणि उघड्या दारापाशी कोणी येऊ नये म्हणून मला पहाऱ्यावर बसवून गेले. बाई हळूहळू वर आल्या. आधी खांदे, मग भाजी, मग त्या सगळ्या. हातात टोक तसेच होते.

पगडीवर काळ्या ग्रीसचा आडवा पट्टा उमटला होता. दुसरी काढायला वेळ नव्हता. दोघांनी तीच ताणली, बाईंनी डाग आतल्या घडीत जाईल अशी युक्ती केली, आणि बांधल्यावर तो बरोबर कपाळावर आला. फोटोत दाढी आणि पट्टा एकाच रंगाचे दिसतात. जाणूनबुजून केल्यासारखे.

आता पांढरे हनुवटीपर्यंत उतरले आहे. त्याखाली काळे. कामाच्या ठिकाणी पहारेकरी ओळखपत्राकडे आणि माणसाकडे आळीपाळीने पाहतात. नव्या साहेबाने पुन्हा आजोबा म्हटलेले नाही. काय म्हणावे हे त्याचे अजून ठरत नसावे. लांबून ओळखू यावे, हा मूळ हेतू मात्र पुरेपूर साधला आहे. हल्ली लोक त्यांना पलीकडच्या रस्त्यावरून हाक मारतात. परवा एक पियानो होता.

रोज सकाळी पॅसेजमध्ये दोन्ही टोके जागेवर असतात. "गॅस संपत आलाय." ओढ. मधूनच बाई पुढे येऊन दाढीला बोट लावून बघतात, भाऊसाहेब किती उरले ते.

"गेले की चुकल्यासारखं होईल हो," त्या काल आमच्या हिला म्हणाल्या. "फार सभ्य माणूस. दिलेला चहा निमूट प्यायचा."