घोडीच्या पानावरचा स्वार

सर्वपित्रीला गुरुजी तीन नावं घ्यायला लावतात: बाप, आजा, पणजा. पाणीगेटच्या धुमाळांकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या एक नाव गाळलं जायचं. गणपतराव धुमाळांचे पणजोबा जयवंतराव बडोदे संस्थानच्या घोडदळात स्वार. एकदा छावणीवर गेले ते परत आलेच नाहीत. पळाला, असं घरात ठरलं. आता घराण्यातले वडीलधारे म्हणजे गणपतरावांचे थोरले चुलतभाऊ तात्यासाहेब, वय चौऱ्याऐंशी. बापाचा नियम त्यांनीही तसाच चालवला, "पळपुट्याला पाणी नाही."

गणपतरावांना हे टोचायचं. त्यांनी मकरपुऱ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवला. नुसत्या बोटांनी लोखंड जाड की बारीक ते सांगायचे. पण तिसऱ्या नावाच्या वेळी तोच हात ताम्हनावर अधांतरी राहायचा. गेल्या वर्षी न राहवून बोललेच, "तात्या, पळाला कशावरून?"

"नाही पळाला कशावरून? कागद आण. तोंडी गोष्टी नकोत."

झालं! यंदा श्रावणापासून गणपतराव डबा घेऊन संस्थानच्या जुन्या दफ्तरखान्यात. शिपाई दारातच म्हणायचा, "आव्या काका! आजे तो मळशे!" म्हणजे आज सापडणारच. रोज हेच म्हणायचा, आणि रोज काही सापडायचं नाही.

जुने कागद सगळे मोडीत. गणपतरावांना ती अक्षरं लेथमधून निघालेल्या लोखंडाच्या कुरळ्या किसासारखी दिसायची. मोडी वाचणाऱ्या मालविकाबेन फणसे यांच्या चार पिढ्या संस्थानच्या कारकुनीत गेलेल्या.

"तुमच्याच लोकांनी हा गुंता लिहिलाय, बेन. तुम्हीच सोडवा."

"आमच्यांनी लिहिलं म्हणून शोधता तरी येतंय, काका. तुमच्यांनी नुसत्या तलवारी फिरवल्या."

स्वारांच्या याद्या संपल्या. जयवंतराव कुठेच नाहीत. सर्वपित्री चार दिवसांवर आली. तेव्हा मालविकाबेननी सहज विचारलं, "काका, त्यांचा घोडा स्वतःचा होता?"

"घोडा? आमच्या पणजीकडे एक शेळी होती, तीसुद्धा दूध द्यायची नाही."

बेननी कपाळावर हात मारला. "अहो, मग ते बारगीर! दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा स्वार. आपण त्यांना माणसांत काय शोधतोय? ते घोड्याच्या पानावर असणार!"

घोड्यांच्या वह्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बेनचं बोट एका ओळीवर थांबलं, आणि त्या सावकाश वाचू लागल्या.

"घोडी लाल, कपाळी चांदणी, मागला डावा पाय पांढरा. तिजवर जयवंतराव बिन हिंमतराव धुमाळ. वय अठ्ठावीस. अंगाने सडपातळ, रंग गव्हाळ, भुवया मिळालेल्या, डाव्या कानाची पाळी फाटकी."

गणपतरावांच्या हातातला चष्मा टेबलावर पडला. घरात या माणसाची तसबीर नाही, फोटो नाही, आणि इथे तो चेहऱ्यासकट उभा! कानाच्या पाळीसकट! नात शलाका दर महिन्याला पार्लरमध्ये जाऊन ज्या जोडभुवया काढून येते, त्या याच. ‘बिन हिंमतराव’ म्हणजे त्याच्या बापाचंही नाव मिळालं, जे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पुन्हा वाचा, बेन."

बेननी चारदा वाचलं. मग खाली, वेगळ्या शाईत लिहिलेलं: "घोडी छावणीवर रोगाने मेली. शेपूट व डागणीच्या खुणेचे कातडे पुराव्यास पाठविले. स्वारही चौथे दिवशी तापाने वारला. मालकास कळविले."

"मालकास? कुणाच्या मालकास?"

"घोडीच्या," बेन हळू आवाजात म्हणाल्या. "पान तिचं ना. बातमी तिच्या मालकाकडे गेली. तुमच्या घरी कुणी कळवलंच नसेल, काका."

 चार वर्षांचं पोर, म्हणजे आपले आजोबा, मांडीवर घेऊन वाट बघत बसलेली पणजी गणपतरावांना पहिल्यांदाच दिसली. आणि वाटलं, केवढं हे! सव्वाशे वर्षं हे पान इथेच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मिटून पडलं होतं.

सर्वपित्रीला सकाळी तात्यासाहेब बाजव्याहून रिक्षाने आले. बेननी बाळबोध देवनागरीत उतरवून दिलेला कागद गणपतरावांनी पुढे केला. तात्यांनी तो डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला.

"घोडीचं कातडं पोचवलं," एवढंच म्हणाले. कागद घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

तर्पण सुरू झालं. दोन नावं झाली. गणपतरावांनी तिसऱ्यासाठी ओंजळ भरली तोच तात्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब, गणपत. वडील मी आहे. आधी माझी."

आणि तो म्हातारा, छावणीत हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात, म्हणाला, "जयवंतराव! हिंमतरावांचे जयवंतराव!" पाणी ताम्हनात पडलं. पुन्हा, आणि पुन्हा.

"तीन झाल्या, तात्यासाहेब. एका नावाला तीनच ओंजळी," गुरुजी म्हणाले.

"माहिती आहे हो. आमच्याच तोंडाने नको म्हटलं होतं ना इतकी वर्षं," असं म्हणत तात्यांनी पुन्हा ओंजळ पुढे केली. गुरुजींनी पळीभर पाणी घातलं.